छापखान्याच्या खिळ्यापासून हार्ड डिस्कच्या डबीपर्यंत

संगणकातली बंद पडलेली हार्ड डिस्क वर्गात उघडून दाखवली, की मुलांचे डोळे आतल्या आरशासारख्या तबकडीवर खिळतात. मग ती इवलीशी सुई, मग चुंबक. ज्यात हे सगळे बसवलेले असते ती अॅल्युमिनियमची जाड डबी मात्र कुणी हातातही घेत नाही. आम्हीही बरीच वर्षे ती बाजूलाच टाकत आलो. एकदा सहज उलटून पाहिली तेव्हा लक्षात आले, की डबीचा आतला काही भाग चकचकीत कापलेला आहे, बाकीचा मात्र खडबडीत काळपट ठेवला आहे. सगळीच डबी घासून-पुसून चकचकीत का केली नसेल? पैसे वाचवायला? तेही खरे, पण खरे उत्तर शोधायला आपल्याला पावणेदोनशेहून अधिक वर्षे मागे, छापखान्यात जावे लागेल.

पंपाने ओतलेली अक्षरे

छपाईचे खिळे पूर्वी हाताने ओतत. छोट्याशा साच्यात पळीने वितळलेला धातू ओतायचा आणि साच्याला हिसका द्यायचा. धातू अक्षराच्या कानाकोपऱ्यांत शिरावा म्हणून. १८३८ साली न्यूयॉर्कच्या डेव्हिड ब्रूस यांनी या हिसक्याचे काम पंपाकडे सोपवले. त्यांच्या यंत्रात दट्ट्या वितळलेला धातू जोराने साच्यात ढकलत असे. धातू होता शिसे, अँटिमनी आणि कथिल यांचा मिश्रधातू. तो कमी तापमानाला वितळतो आणि गोठताना फारसा आक्रसत नाही, म्हणून अक्षर रेखीव उमटते. आपल्याकडेही खिळे ओतणे हा मोठा उद्योग झाला. निर्णयसागर छापखान्याचे संस्थापक जावजी दादाजी यांनी मुंबईत आधी खिळ्यांचा कारखाना काढला आणि छापखाना मागून, १८६९ साली.

१८८६ साली न्यूयॉर्कच्या एका दैनिकात ऑटमार मर्गेनथालर यांचे लायनोटाइप यंत्र चालू झाले. ते एक अक्षर नव्हे, तर आख्खी ओळच एका वेळी ओतत असे. दाब देऊन, धातूच्या साच्यात, झटपट आणि पुन्हा पुन्हा तीच वस्तू ओतणे म्हणजेच आजचे डाय-कास्टिंग. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला कारखानदारांनी हीच युक्ती यंत्रांच्या सुट्या भागांसाठी उचलली. जस्त आणि कथिल यांचे भाग भराभर निघू लागले.

लोखंड खाणारा धातू

योगायोग असा, की त्याच १८८६ साली अमेरिकेत चार्ल्स हॉल आणि फ्रान्समध्ये पॉल हेरू या दोन तरुणांनी, एकमेकांना न ओळखता, विजेच्या साहाय्याने स्वस्त अॅल्युमिनियम काढण्याची रीत शोधली. दोघांचाही जन्म १८६३ चा! त्याआधी हा धातू चांदीच्या पंक्तीला बसत असे. आता हलका, न गंजणारा, उष्णता आणि वीज चांगली वाहून नेणारा धातू हाताशी आला. मग तोही असाच दाबाने का ओतू नये?

अडचण वेगळीच निघाली. जुन्या यंत्रात पंप वितळलेल्या धातूच्या कढईतच बुडवलेला असे. जस्त सुमारे ४२० अंश सेल्सिअसला वितळते. त्यात लोखंडी पंप टिकतो. अॅल्युमिनियम वितळते ६६० अंशांना आणि वितळलेले अॅल्युमिनियम लोखंडाला हळूहळू विरघळवते. पंप झिजे आणि धातूही बिघडे.

यातून वाट निघाली ती जुन्याच पळीकडे परत जाऊन. १९२० च्या दशकात प्राग शहरातले अभियंते जोसेफ पोलाक यांनी पंप कढईतून बाहेर काढला. प्रत्येक वेळी एका वस्तूपुरता धातू पळीने पंपात घ्यायचा आणि लगेच दट्ट्याने साच्यात मारायचा. धातूचा आणि पंपाचा संबंध क्षणभराचाच. या ‘थंड कोठी’च्या यंत्रानेच अॅल्युमिनियमचे डाय-कास्टिंग व्यवहारात आणले.

गंमत म्हणजे लोखंडाशी असलेले हे नाते उपयोगीही पडले. मिश्रधातूत आधीच एक टक्क्याच्या आसपास लोखंड असेल, तर ओतलेला भाग पोलादी साच्याला कमी चिकटतो. त्यामुळे अॅल्युमिनियमचे भंगार, त्यात थोडे लोखंड मिसळलेले असले तरी, इथे चालते. लोखंड फार झाले तर मात्र भाग ठिसूळ होतो.

कोंडलेली हवा

आता डबीच्या प्रश्नाकडे येऊ. दट्ट्याच्या जोराने धातू साच्यात शिरतो तो सेकंदाच्या काही शतांश भागात. बादलीत नळ जोराने सोडला की पाण्याबरोबर हवेचे बुडबुडे खाली जातात. इथेही तेच होते. साच्यातली हवा धातूत कोंडते. शिवाय अॅल्युमिनियम गोठताना आकारमानाने सुमारे सहा टक्के आक्रसते. जाड भाग शेवटी गोठतो, त्याला भरून काढायला वितळलेला धातू उरत नाही आणि तिथे पोकळी राहते. कारखान्यात या छिद्रांना ‘ब्लो होल’ म्हणतात.

साच्याला टेकलेला धातू मात्र आधी आणि झटकन गोठतो. त्यामुळे भागाची वरची ‘कातडी’ दाट असते आणि छिद्रे तिच्या खाली लपतात. यंत्रावर ही कातडी कापून काढली, तर लपलेली छिद्रे उघडी पडतात.

डबीची आखणी करणारा म्हणूनच सगळीकडे कापत सुटत नाही. जिथे मोटर आणि सुईचा खांब अचूक बसायला हवा, तेवढेच भाग कापायचे, तेही थोडेच. भिंती शक्यतो सारख्या जाडीच्या ठेवायच्या. मजबुती हवी असेल तर भिंत जाड न करता तिला फासळ्या द्यायच्या. डबी साच्यातून सुटून यावी म्हणून उभ्या भिंतींना एक-दोन अंशांचा ढाळ द्यायचा. इडलीचे भांडे खोलगट आणि वर पसरट असते, म्हणून इडली अलगद निघते, तसेच हे.

सर्वांत लहान गिऱ्हाईक

१९५६ साली आयबीएमने पहिली हार्ड डिस्क आणली तेव्हा तिच्यात २४ इंची ५० तबकड्या होत्या आणि त्यांवर ५० लाख अक्षरे मावत. १९७३ साली याच कंपनीने तबकड्या आणि सुया एकत्र बंद डब्यात ठेवल्या. १९८० साली सीगेटने सव्वापाच इंची चकती आणली; तिच्यातही ५० लाखच अक्षरे मावत! यंत्र जसे लहान झाले, तशी सुई तबकडीच्या जवळ आली. आज ते अंतर काही नॅनोमीटर आहे; माणसाचा केस त्याच्या हजारो पट जाड असतो. धुळीचा एक कण पुरे. डबीचा खडबडीत भाग काळपट दिसतो तो याचसाठी: धातूचे कण सुटू नयेत म्हणून विजेच्या साहाय्याने त्यावर रंगाचा पातळ थर चढवलेला असतो.

तरीही नेहमीची हार्ड डिस्क पूर्ण हवाबंद नसते. आतला-बाहेरचा दाब सारखा राहावा म्हणून तिला गाळणी लावलेले एक छिद्र असते. २०१३ साली एचजीएसटी कंपनीने हे छिद्रही बंद केले आणि आत हेलियम भरला. हेलियमची घनता हवेच्या सातव्या हिश्श्याएवढी. त्यामुळे तबकड्या कमी थरथरतात, मोटरला कमी वीज लागते आणि त्याच डबीत सात तबकड्या बसवता आल्या.

पण हेलियमचा अणू अगदी लहान. हवेला पुरणारी डबी त्याला पुरत नाही. एकमेकांना जोडलेल्या बारीक छिद्रांतून तो वर्षानुवर्षे झिरपत बाहेर जाऊ शकतो. तो गेला तर साठवलेली माहिती धोक्यात. म्हणून झाकण लेसरने जोडावे लागले आणि ओतकामातल्या छिद्रांचा तर जास्तच कसून बंदोबस्त करावा लागला. खिळे ओतणाऱ्याच्या हिसक्यापासून सुरू झालेला प्रश्न आजही तोच आहे: साच्यात धातू भरायचा, तर आतली हवा जाणार कुठे?

वर्गात करून बघा

भंगारातली एखादी हार्ड डिस्क मिळवा आणि डबी मुलांच्या हाती द्या. (काही तबकड्या काचेच्या असतात, त्या वाकवू देऊ नका.) फासळ्या मोजायला सांगा. भिंतीचा ढाळ पट्टी लावून दिसतो का, ते बघू द्या. साच्यातून डबी बाहेर ढकलणाऱ्या दांड्यांचे गोल ठसे शोधायला लावा. आणि शेवटी विचारा: इथे कापले आहे, तिथे का नाही कापले? उत्तर पुस्तकात शोधायची गरज नाही. ते मुलांच्या हातातच असेल.