सोन्याचे गाव

धनत्रयोदशीला गुंजभर का होईना, सोने घरात यावे असे आपल्याला वाटते. ते कोणत्या खाणीतून निघाले हे सोनाराला कोणी विचारीत नाही. मला मात्र इतिहासाची खोड. सोने दिसले की जुन्या म्हैसूर संस्थानातले कोलार गोल्ड फील्ड्स आठवते.

तिथल्या खडकात सोने आहे, हे लोकांना पूर्वापार ठाऊक होते. पण १८८० साली लंडनच्या ‘जॉन टेलर आणि सन्स’ने खाणकाम हाती घेतले आणि त्या उजाड माळाचे नशीब फिरले. तामीळ आणि तेलुगू मुलखांतून मजुरांची रीघ लागली. साहेबांसाठी बंगले आणि क्लब झाले. मजुरांच्या वाट्याला बांबूच्या तट्ट्यांची खोपटी आली. १९०२ साली कावेरीवरच्या शिवसमुद्राहून सुमारे १४७ किलोमीटर तारा ओढून खाणींना वीज दिली गेली. बंगळूरच्या रस्त्यांवर विजेचे दिवे लागले ते १९०५ साली! शहराने थांबावे, पण सोन्याने थांबू नये, असा तो काळ होता.

आता गंमत पाहा. तीच कावेरीची वीज दोन्ही गावांना मिळाली. पण बंगळूरात ती गिरण्यांना, कारखान्यांना, नाना उद्योगांना लागली. कोलारात वीज, पाणी, दवाखाना, राहते घर, सारे खाणीचे आणि खाणीसाठी. दुकानदाराची उधारीसुद्धा खाणीच्या पगारावर फिटायची. पुढे शेजारी यंत्रांचा एक सरकारी कारखाना निघाला, पण गावाचा जीव खाणीतच अडकलेला राहिला.

आणि खाण तर दर वर्षी खोल जात होती. अखेर ती तीन किलोमीटरहून खाली पोचली. खाली उष्मा भयंकर, खडक अचानक फुटायचे, दगडाची धूळ फुप्फुसांत साचायची. खर्च वाढला, सोने घटले. १९५६ साली खाणी सरकारी मालकीच्या झाल्या. तरी खडकातले सोने काही वाढले नाही. सुमारे १२० वर्षांत ८०० टनांच्या आसपास सोने देऊन २८ फेब्रुवारी २००१ रोजी खाणी बंद पडल्या.

मागे राहिल्या त्या सायनाइडने धुतलेल्या मातीच्या टेकड्या. वारा सुटला की त्यांची धूळ घरांत शिरते. आणि खाणकामगारांची मुले-नातवंडे? ती भल्या पहाटे आगगाडीने सुमारे शंभर किलोमीटरवरच्या बंगळूरला कामाला जातात आणि रात्री परततात. तीन वर्षे उशिरा उजळलेले शहर आज त्यांना पोसते.

वाचकहो, ही केवळ परमुलखाची कहाणी नव्हे. आपल्या चंद्रपूर-वणीकडेही कोळशाच्या खाणींवर गावे वाढली आहेत. खाण हे सासर नव्हे, मुक्काम आहे; आणि मुक्काम हलण्याआधी दुसरी चूल मांडून ठेवावी लागते. कोलारला ती मांडायला शंभर वर्षे मिळाली होती. सोने निघत होते, तोवर तिची आठवण कोणाला झाली नाही.