होर्नचे जायफळ

अ‍ॅमस्टरडॅमहून आगगाडीने होर्नला गेलो. चौकात १६०९च्या वजनघरासमोर यान पीटरझोन कूनचा १८९३ साली उभारलेला पुतळा आहे. डच ईस्ट इंडिया कंपनीचा हा गव्हर्नर-जनरल याच गावचा. जायफळाच्या मक्तेदारीसाठी १६२१मध्ये त्याने इंडोनेशियातील बांदा बेटे जिंकली. तिथल्या सुमारे पंधरा हजार रहिवाशांपैकी जेमतेम हजारभर उरले, असा अभ्यासकांचा अंदाज. पुढे मळ्यांवर गुलाम राबवले गेले. पुतळ्याखालच्या पाटीवर आता बांदाच्या मृतांचाही उल्लेख आहे.

दुपारी खाणावळीत उकडलेल्या फ्लॉवरवर जायफळ किसून आले. कॉफीसोबतच्या स्पेक्युलास बिस्किटातही तोच वास. तो मला आईच्या पुरणाचा वाटला. पुरणात जायफळ किसताना ते कुठून आले, हे आम्ही कधी विचारलेच नव्हते.