पट्टीवरून ठरत नाही सायकलचे वय

१८६५ साली थळ घाट चढून रेल्वे इगतपुरीला पोचली आणि मुंबईच्या बाजारातला माल या गावाच्या आवाक्यात आला, पुढे सायकलही त्यातच आली. म्हणून इथे ‘रॅले’ किंवा ‘हर्क्युलस’ अशी पट्टी असलेली जुनी सायकल हाती लागली, की ती विलायती आणि स्वातंत्र्यापूर्वीची असावी, असे वाटणे साहजिक आहे. पण हा तर्क टिकत नाही. रॅले मूळची नॉटिंगहॅमची, हर्क्युलस बर्मिंगहॅमची, हे खरे. मात्र १९५० च्या दशकात हर्क्युलस मद्रासजवळ अंबत्तूरला आणि रॅले आसनसोलच्या सेन-रॅले कारखान्यात बनू लागली होती. पट्टी घराणे सांगते, जन्मगाव नव्हे. वाकड्या हँडलचेही तसेच: साध्या सायकलला ते नंतर बसवून ‘रेसर’ करता येते.

खरा पुरावा मागच्या चाकात सापडतो. स्टर्मी-आर्चर कंपनीच्या तीन गिअरच्या हबवर (चाकाच्या मधल्या भागावर) बहुधा वर्षाचे शेवटचे दोन आकडे ठोकलेले असतात. चाक बदललेले असले तर काय, हा आक्षेप रास्त आहे. तो आकडा हबचे वय सांगतो, सायकलचे नाही. म्हणूनच फ्रेमवरचा नंबर, रिम, क्रँक, दिव्याचा ब्रॅकेट आणि मूळ रंगाचे थर एकाच काळाकडे बोट दाखवतात का, ते पाहावे. तसे असेल तरच हबच्या वर्षावर विश्वास ठेवावा, आणि तेव्हाही एका वर्षाऐवजी चार-पाच वर्षांचा पट्टाच सांगावा. नवा रंग देण्याआधी हे सारे आकडे टिपून फोटो काढा. घासलेला नंबर परत मिळत नाही.