हिंदूरावाची टेकडी आणि कागलची लेक

दिल्लीत नव्याने आलेल्या मराठी माणसाच्या कानी ‘हिंदूराव’ हे नाव बहुधा रुग्णालयाच्या निमित्ताने पडते. हे हिंदूराव आपल्याकडचेच, असे कळले की त्याची छाती अभिमानाने फुगते. आमचीही फुगली होती. परंतु या अभिमानाचा हिशेब एकदा नीट मांडावयास हवा, असे आम्हांस अलीकडे वाटू लागले आहे.

हिंदूराव घाटगे मूळचे कोल्हापूरजवळील कागलचे. सर्जेराव घाटग्यांची कन्या बायजाबाई ही त्यांची भगिनी. तिचा विवाह १७९८ मध्ये दौलतराव शिंद्यांशी झाला आणि पतीच्या निधनानंतर १८२७ ते १८३३ या काळात तिने ग्वाल्हेरचा कारभार चालविला. विल्यम फ्रेझर या इंग्रज अधिकाऱ्याचा १८३५ मध्ये खून झाल्यावर टेकडीवरील त्याचा बंगला पुढे हिंदूरावांकडे आला. १८५७ च्या वेढ्यात इंग्रजांचे महत्त्वाचे ठाणे याच वाड्यात होते. कालांतराने त्याच जागी रुग्णालय उभे राहिले व ते आज दिल्ली महानगरपालिका चालविते. सारांश, भावाचे नाव टेकडीवर कोरले गेले. पण त्या भावाच्या प्रतिष्ठेमागे कागलच्या लेकीचे कर्तृत्व उभे होते.

आता त्याच कागलच्या जिल्ह्याकडे वळू. २००१ च्या जनगणनेत कोल्हापूर जिल्ह्यात सहा वर्षांपर्यंतच्या दर हजार मुलग्यांमागे मुली अवघ्या ८३९ होत्या. दिल्लीत ८६८. बायजाबाईचे माहेर आणि हिंदूरावांची दिल्ली या एका बाबतीत सख्खी भावंडे निघाली!

याला निमित्त झालेले यंत्र मुळात जीव वाचविण्यासाठी निघाले. ग्लासगोच्या इयन डोनाल्ड यांनी १९५८ मध्ये श्राव्यातीत ध्वनीने पोटातील चित्र दाखविणारा निबंध प्रसिद्ध केला. जहाजबांधणीच्या त्या नगरीत धातूंतील दोष शोधण्याचे तंत्र त्यांनी रुग्णांसाठी वळविले. या तपासणीत क्ष-किरण नसतात. तरीही आवश्यक तेवढीच ध्वनिशक्ती आणि आवश्यक तेवढाच वेळ, हा सुरक्षिततेचा पहिला नियम होय. प्रशिक्षित डॉक्टर, स्वच्छ केलेला प्रोब आणि सही असलेला स्पष्ट अहवाल ही दर्जाची पुढची अंगे. आपल्या देशात मात्र आणखी एक कसोटी जोडावी लागली. ती म्हणजे गर्भाचे लिंग न सांगणे.

या बाबतीत महाराष्ट्राने पुढाकार घेतला, हे नमूद करणे आवश्यक आहे. १९८८ मध्ये राज्याने कायदा केला. केंद्राचा कायदा १९९४ मध्ये संमत होऊन १ जानेवारी १९९६ पासून अमलात आला. तो कागदावरच राहतो असे पाहून ‘सेहत’ व ‘मासूम’ या महाराष्ट्रातील संस्था आणि डॉ. साबू जॉर्ज यांनी २००० मध्ये सर्वोच्च न्यायालयात दाद मागितली. २००३ मध्ये कायदा कडक झाला. प्रत्येक केंद्राची नोंदणी, ठळक फलक आणि प्रत्येक गर्भवतीसाठी नमुना ‘एफ’, अशी ही व्यवस्था आहे.

पुढे जिल्हाधिकारी व साहित्यिक लक्ष्मीकांत देशमुख यांच्या कारकिर्दीत कोल्हापुरात यंत्रांना ‘सायलेंट ऑब्झर्व्हर’ जोडण्यात आले. रेडिऑलॉजिस्टांच्या संघटनेने त्यास आव्हान दिले. मुंबई उच्च न्यायालयाने २०११ मध्ये ते अमान्य केले. त्याच वर्षीच्या जनगणनेत कोल्हापूरचा आकडा ८६३ झाला. राज्याचा मात्र ९१३ वरून ८९४ वर घसरला. तेव्हा समाधान मानण्याजोगी परिस्थिती नव्हतीच.

‘फॉर्म भरण्यातील चूक म्हणजे काय गुन्हा?’ असे डॉक्टर मंडळी विचारीत. २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने या नोंदींचे महत्त्व मान्य करून कायदा कायम ठेवला. आमचा जन्म फायलींत गेला, म्हणून हा निर्णय आम्हांस विशेष भावला. पण येथे एक कबुली द्यावयाची आहे. काही वर्षांपूर्वी एका भाचीस आम्ही एका खाजगी केंद्रात घेऊन गेलो होतो. तेथील मदतनिसाने कोरा फॉर्म पुढे केला : ‘सही करा, बाकीचे आम्ही भरू.’ भाचीने आमच्याकडे पाहिले. कचेरीत कोऱ्या कागदावर कधीही सही न करणारे आम्ही त्या वेळी घाईपोटी मान डोलावली. गर्भाचे लिंग जाणून घ्यावयाचे नाही, ही तिची प्रतिज्ञा त्याच कागदावर होती. ती तिने वाचलीही नाही. आमच्या घरी कोणाच्या मनात काळेबेरे नव्हते. परंतु भल्या माणसांच्या कोऱ्या सह्यांआडच वाईट माणसांचे फावते.

आपले मंडळ सुवर्णमहोत्सव साजरे करीत आहे. दूरदेशी राहून आपण गणपती, नाटक, दिवाळी अंक जपले. त्यासोबत एवढेही जपू या. आपली लेकसून तपासणीस गेली, तर फलक पाहावा, फॉर्म वाचून भरावा, आणि ‘काय आहे?’ हा प्रश्न कोणी विचारलाच, तर घरातील वडीलधाऱ्यांनी त्यास तेथल्या तेथे अडवावे. हिंदूरावाच्या टेकडीवरून जाताना आम्हांस आता भावाआधी बहीण आठवते.