सोडचिठ्ठी कोणत्या दप्तरात सापडते?

वंशावळ काढायला बसलेल्या बहुतेकांचे घोडे पणजीपाशी अडते. पणजोबांचे नाव जुन्या फेरफारात मिळते, त्यांच्या वडिलांचेही मिळते. पणजी मात्र 'अमक्याची बायको' एवढीच उरते. त्यात घरातले कोणी दबक्या आवाजात 'तिचा हा दुसरा घरोबा' असे म्हणत असेल, तर पहिल्या घराचा माग कुठे काढायचा? आजचा धागा जुन्नर व आंबेगाव तालुक्यांच्या निमित्ताने याच प्रश्नाविषयी.

इंग्लंडात १ जुलै १८३७ पासून जन्म, विवाह व मृत्यूची नागरी नोंदणी सुरू झाली आणि १८५८ पासून घटस्फोट दिवाणी न्यायालयात होऊ लागले. तिथला अभ्यासक सूची उघडून आडनाव शोधतो. आपल्याकडे तशी एक सूची नाही. दप्तराची हेळसांड हे त्याचे कारण असावे, असे मलाही आधी वाटे. खरे कारण निराळे आहे: काडीमोड न्यायालयात होतच नसे. कुणबी, माळी, कोळी अशा अनेक जातींत नवरा सोडचिठ्ठी देई, जातपंचायत साक्षीला असे आणि स्त्री पाट लावून नवा संसार मांडी. पेशवाईत या पाटावर 'पाटदाम' नावाचा कर होता. म्हणजे सरकारला विवाहाशी नव्हे, तरी वसुलीशी कर्तव्य होते. ऑर्थर स्टील याने १८२७ मध्ये दख्खनच्या जातींच्या रूढी ग्रंथबद्ध केल्या, त्यांत पाटाचाही समावेश आहे.

१८७६ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने ठरवले की नवऱ्याची संमती नसताना केवळ जातीने दिलेली पुनर्विवाहाची परवानगी कायद्याला मान्य नाही. मग नवऱ्याच्या हातचा कागद किती मोलाचा, हे सांगायला नको. असा कागद दुय्यम निबंधकाकडे नोंदवला गेला असेल, तर १९०८ च्या नोंदणी कायद्यानुसार तो स्थावर मिळकतीच्या पुस्तक १ मध्ये नसतो, पुस्तक ४ मध्ये असतो आणि त्याची नावांची सूची म्हणजे सूची क्रमांक ४. घरजमिनीच्या व्यवहारामुळे 'इंडेक्स टू' सर्वांना ठाऊक असतो. या चौथ्या सूचीकडे कोणी फिरकत नाही. अडचण एकच. पुस्तक १ कोणालाही पाहता येते. पुस्तक ४ ची नक्कल मात्र कागद लिहून देणारा, घेणारा किंवा त्यांचे प्रतिनिधी यांनाच मिळते.

१९४७ मध्ये मुंबई प्रांताने हिंदूंसाठी घटस्फोटाचा कायदा केला, १९५५ मध्ये हिंदू विवाह कायदा आला. तरी रूढीनुसार होणारा घटस्फोट त्याने अबाधित ठेवला. शिवाय हा कायदा अनुसूचित जमातींना आपोआप लागू नाही. त्यामुळे दोन्ही तालुक्यांच्या पश्चिम डोंगरपट्ट्यातील महादेव कोळी व ठाकर कुटुंबांचा काडीमोड न्यायालयाच्या दप्तरात शोधणे बहुधा व्यर्थच.

जन्ममृत्यूचे आधार अधिक भक्कम आहेत. १९६९ चा नोंदणी कायदा महाराष्ट्रात १ एप्रिल १९७० पासून अमलात आला. त्याआधीच्या नोंदी गाव नमुना १४ मध्ये, म्हणजे कोतवाल बुकात. २०२३ मध्ये न्यायमूर्ती संदीप शिंदे समितीच्या निमित्ताने कुणबी नोंदींसाठी ही बुके राज्यभर उघडली गेली आणि मोडी वाचणाऱ्यांना अचानक मागणी आली. पण त्या शोधात डोळे बापाच्या नावावर आणि जातीच्या रकान्यातल्या 'कु.' या अक्षरावर खिळलेले होते. बारसे होण्याआधीच नोंदलेले मूल नुसते 'मुलगा' किंवा 'मुलगी' असते; आईचा पत्ता पुष्कळदा नसतोच.

एक सावधगिरी: आंबेगाव हे मूळ गाव डिंभे धरणाच्या पाण्याखाली गेले आहे आणि तालुक्याचा कारभार घोडेगावातून चालतो. 'आम्ही आंबेगावचे' यातला अर्थ गावाचा की तालुक्याचा, हे आधी आजोबांना विचारून घ्यावे.

आणि सोडचिठ्ठी हाती लागलीच नाही तर? १८५६ च्या पुनर्विवाह कायद्याने पाट लावणाऱ्या विधवेचा पहिल्या नवऱ्याच्या मिळकतीवरील हक्क संपे. म्हणून पहिल्या सासरच्या गावचा फेरफार चाळावा. पणजीच्या मुलींसाठी १९५६ च्या वारसा कायद्यानंतरची हक्कसोडपत्रे पाहावीत. भावांच्या नावे हक्क सोडताना बहिणीला बापाचे नाव, नवऱ्याचे नाव आणि सासरचे गाव असे सगळे लिहून द्यावे लागे. हा कागद जमिनीचा, म्हणून तो पुस्तक १ मध्ये असतो आणि तिथे कोणालाही पाहता येतो.