कर्करोग शस्त्रक्रियेतील भूल : औषधांच्या मिश्रणाने काय बदलते, काय नाही

गुढियारी (रायपूर) : कर्करोगाची गाठ काढताना दिलेल्या भुलीचा परिणाम रुग्णाच्या पुढील आयुष्यावर होतो का, या प्रश्नाला स्तनाच्या कर्करोगावरील दोन मोठ्या चाचण्यांनी वेगवेगळी उत्तरे दिली आहेत. भुलीची पद्धत बदलली तरी रोग परतण्याचे प्रमाण बदलत नाही, असे आठ देशांतील चाचणीत दिसले. गाठीभोवती लिडोकेन टोचल्यास मात्र ते घटते, असे मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयाच्या नेतृत्वाखालील भारतीय चाचणीत आढळले.

मोठ्या शस्त्रक्रियेत भूल एकाच औषधाने क्वचितच दिली जाते. झोपेसाठी शिरेतून प्रोपोफॉल किंवा श्वासावाटे सेव्होफ्लुरेन, वेदनेसाठी फेंटानिलसारखी अफूवर्गीय औषधे, स्नायू शिथिल करणारे औषध आणि जोडीला एखाद्या भागापुरती बधिरता, असा तो मेळ असतो. त्यातील प्रत्येक घटकाचा माग शस्त्रक्रियेनंतर काही तास ते काही दिवस राहतो. अफूवर्गीय औषधांनी वेदना शमते. पण मळमळ, गुंगी व बद्धकोष्ठता येते आणि पोटाच्या शस्त्रक्रियेनंतर आतड्यांची हालचाल पूर्ववत होण्यास विलंब लागतो. ती कमी लागावीत म्हणून पाठीच्या कण्यालगत किंवा छातीच्या स्नायूंच्या थरांत बधिरीकरणाचे औषध सोडतात. प्रोपोफॉलवर दिलेल्या भुलीनंतर उलट्या तुलनेने कमी होतात. धूम्रपान न करणाऱ्या आणि प्रवासात उलटी होणाऱ्या स्त्रियांना हा त्रास अधिक संभवतो, त्यामुळे स्तनाच्या शस्त्रक्रियेत या निवडीला विशेष महत्त्व आहे.

हा केवळ सोयीचा प्रश्न नाही. शस्त्रक्रियेनंतर रुग्ण जेवू-चालू लागला नाही, तर पुढील केमोथेरपी लांबते.

रोग परतण्याविषयीची शंका प्रयोगशाळेतून आली. शस्त्रक्रियेच्या ताणाने शरीरात जी संप्रेरके वाढतात ती, तसेच सेव्होफ्लुरेनसारखे वायू आणि अफूवर्गीय औषधे, कर्करोगाच्या पेशी टिपणाऱ्या प्रतिकारपेशींना दुबळ्या करतात, असे प्राण्यांवरील प्रयोगांत दिसले होते. यावरून प्रोपोफॉल आणि कण्यालगतची बधिरता ही जोडी अधिक हितकारक ठरावी, असा तर्क होता. आठ देशांतील १३ रुग्णालयांत २,१०८ स्त्रियांवर तो पडताळण्यात आला. २०१९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार दोन्ही गटांत सुमारे १० टक्के स्त्रियांना रोग पुन्हा झाला. जखमेच्या दीर्घकालीन वेदनेतही फरक आढळला नाही. तर्क आकर्षक होता, पण माणसांवर तो टिकला नाही.

मुंबईची चाचणी वेगळ्या मार्गाने गेली. डॉ. राजेंद्र बडवे यांच्या नेतृत्वाखाली देशातील ११ केंद्रांत डिसेंबर २०११ पासून १,६०० स्त्रिया त्यात सहभागी झाल्या. सुरुवातीच्या टप्प्यातील आणि आधी केमोथेरपी न झालेल्या रुग्णांचीच त्यासाठी निवड झाली होती. नेहमीची पूर्ण भूल सर्वांनाच दिली गेली. निम्म्या स्त्रियांना गाठ काढण्यापूर्वी ७ ते १० मिनिटे तिच्या सर्व बाजूंनी ०.५ टक्के लिडोकेन टोचण्यात आले. पाच वर्षांनंतर रोगमुक्त असलेल्यांचे प्रमाण इंजेक्शन मिळालेल्या गटात ८६.६ टक्के, तर दुसऱ्या गटात ८२.६ टक्के होते. हयात असलेल्यांचे प्रमाण अनुक्रमे ९०.१ आणि ८६.४ टक्के होते. कर्करोगाच्या पेशींवरील सोडियम वाहिन्या लिडोकेन रोखते आणि त्यामुळे गाठ हाताळताना त्या पसरण्याची प्रवृत्ती मंदावते, अशी त्यामागील कल्पना आहे.

चार टक्क्यांचा हा लाभ अनेक महागड्या औषधांच्या तोडीचा आहे आणि लिडोकेन १९४० च्या दशकापासून वापरात असलेले, अत्यंत स्वस्त औषध आहे. तरीही मर्यादा लक्षात घ्याव्या लागतात. तुलनेच्या गटाला खोटे इंजेक्शन दिले नव्हते आणि कोणाला काय मिळाले हे शल्यचिकित्सकांना ठाऊक होते. शिवाय हा निष्कर्ष फक्त स्तनाच्या कर्करोगापुरता आहे. शिरेवाटे दिलेल्या लिडोकेनचा फुप्फुस व मोठ्या आतड्याच्या कर्करोगात उपयोग होतो का, हे ऑस्ट्रेलियातून सुरू झालेली ‘व्हेपर-सी’ ही चाचणी तपासत आहे.

औषधांचे मिश्रण करताना मात्रेची बेरीजही करावी लागते. मुंबईच्या चाचणीत दर किलो वजनामागे कमाल ४.५ मिलिग्रॅम लिडोकेनची मर्यादा होती. ६० किलो वजनाच्या स्त्रीसाठी ती २७० मिलिग्रॅम, म्हणजे ०.५ टक्के द्रावणाचे ५४ मिलिलिटर. त्याच वेळी छातीत ब्युपिव्हाकेनही सोडले, तर दोहोंचा विषारी परिणाम एकत्र होतो आणि झटके किंवा हृदयाची लय बिघडणे संभवते. अफूवर्गीय औषधे टाळण्यासाठी वापरल्या जाणाऱ्या डेक्समेडेटोमिडिनने नाडी मंदावते. केटामिनने भास होऊ शकतात.

रायपूर स्थानकाच्या रुळांपलीकडील गुढियारीतून ‘मेकाहारा’ या नावाने परिचित असलेल्या आंबेडकर रुग्णालयातील प्रादेशिक कर्करोग केंद्रात, टाटीबंधच्या एम्समध्ये किंवा हावडा-मुंबई मार्गाने सुमारे १,१०० किलोमीटरवरील परळला जाणाऱ्या कुटुंबाने भूलतज्ज्ञाला आधीच सांगावे अशा गोष्टी मोजक्याच आहेत : पूर्वीच्या भुलीचा अनुभव, उलटीची सवय, हृदयाचे ठोके, यकृत व मूत्रपिंडाचे आजार, सुरू असलेली रक्त पातळ करणारी औषधे. कण्याजवळ सुई घालायची की नाही, हे बऱ्याचदा यातील शेवटच्या उत्तरावर ठरते.