सापांनी राखलेले मिरीचे वन

उत्तर कन्नड जिल्ह्यातील जोयडा तालुका, म्हणजे पूर्वीचा सुपे तालुका, हा सह्याद्रीच्या माथ्यावरील दाट अरण्याचा मुलूख होय. काळी नदीचा उगम येथलाच. येथल्या पोफळीच्या बागांतून मिरवेल सरळ खोडांना बिलगून वर चढलेला दिसतो. घोसातील एखाददुसरा दाणा तांबूस दिसू लागला की घोस तोडावयाचे, दाणे मोकळे करावयाचे आणि चटईवर उन्हात पसरावयाचे. काही दिवसांत साल आक्रसते, सुरकुतते आणि हिरवा दाणा काळा होतो. यात गूढ असे काही नाही. बागाईतदाराच्या घरचे शाळकरी मूलही हे सांगू शकेल. परंतु मध्ययुगीन युरोपातील थोर थोर विद्वानांना मात्र ही साधी गोष्ट शेकडो वर्षे ठाऊक नव्हती. त्यांच्या ग्रंथांत मिरीचे काळेपण उन्हाचे नव्हते. ते आगीचे होते, आणि त्या आगीमागे साप होते.

मध्ययुग म्हटले म्हणजे क्रमिक पुस्तकातील काही नावे ओळीने उभी राहतात: रोमचा पाडाव, ख्रिस्ती मठ, धर्मयुद्धे, व्यापारी संघ, व्हेनिस आणि जिनोआ, पोपचे आव्हिन्यों. विद्यार्थी ती पाठ करतात आणि परीक्षेनंतर विसरतात. नावे सुटी राहिली की ती विसरली जाणारच. पण या नावांपैकी बहुतेकांच्या मुठीत कोठेतरी मिरीचे चार दाणे सापडतात, आणि ते दाणे आपल्या पश्चिम किनाऱ्यावरून गेलेले असतात. गेर्सोप्प्याच्या राणी चेन्नभैरादेवीला सोळाव्या शतकात पोर्तुगीजांनी ‘मिरीची राणी’ म्हटले, यावरून घाटाखालच्या या बंदरपट्टीची कीर्ती ध्यानात येईल.

आरंभ रोमपासूनच करावा. इ. स. ४०८ मध्ये गॉथ लोकांचा राजा अलारिक याने रोमला वेढा घातला. वेढा उठविण्यासाठी त्याने जी खंडणी मागितली तीत ५,००० पौंड सोने व ३०,००० पौंड चांदी यांबरोबर ३,००० पौंड मिरी होती. ज्याला आपण रानटी म्हणतो त्या सेनापतीलाही मिरीचे मोल कळत होते. पुढे दोनच वर्षांनी, ४१० मध्ये, त्याने रोम लुटले ते लुटलेच.

रोमन सत्ता ओसरल्यावर विद्येचा सांभाळ केला तो बिशपांनी आणि मठवासीयांनी. त्यांतील एक अग्रगण्य नाव म्हणजे स्पेनमधील सेव्हिलचे बिशप संत इसिदोर. त्यांचे निधन ६३६ मध्ये झाले. जुने ज्ञान हातचे जाऊ नये म्हणून त्यांनी ‘व्युत्पत्ती’ या नावाचा वीस भागांचा एक ज्ञानकोश रचला. युरोपातील मठांतून आणि विद्यालयांतून तो शतकानुशतके शिकविला गेला. त्याच्या सुमारे एक हजार हस्तलिखित प्रती आजही आहेत.

या कोशात मिरीचे प्रकरण आहे. संत इसिदोर सांगतात की मिरीचे झाड हिंदुस्थानात कॉकेशस पर्वताच्या सूर्याभिमुख बाजूस वाढते. त्या वनांची राखण साप करतात. फळे तयार झाली की तेथील रहिवासी वनाला आग लावतात, साप पळून जातात, आणि मुळात पांढरी असलेली मिरी ज्वाळांनी काळी पडते. एवढे सांगून झाल्यावर ते वाचकाला एक व्यवहारी सूचना देतात: हलकी मिरी जुनी समजावी, जड ती नवी, मात्र व्यापाऱ्यांच्या लबाडीपासून सावध असावे, कारण ते जुनी मिरी ओलावून तिच्यावर शिशाची वा चांदीच्या मळीची भुकटी टाकतात व तिचे वजन वाढवितात.

या दोन माहित्या एकाच परिच्छेदात शेजारी शेजारी आहेत, हे लक्षात घेण्याजोगे आहे. लबाडीचे वर्णन बिनचूक आहे, वनाचे वर्णन सर्वस्वी खोटे आहे. कारण उघड आहे. दुकान सेव्हिलमध्ये होते. वन हिंदुस्थानात होते. संत इसिदोरांच्या बुद्धीला येथे दोष देता येत नाही. त्यांच्यापाशी होती ती जुनी पुस्तके, आणि त्या पुस्तकांचे लेखकही वनात गेलेले नव्हते.

आता इंग्लंडच्या उत्तर टोकाकडील जॅरोचा मठ पाहावा. तेथे संत बीड राहत. इंग्रज लोकांच्या धर्माचा इतिहास लिहिणारे ते हेच. मे ७३५ मध्ये त्यांचा अंतकाळ आला. त्यांचा शिष्य कथबर्ट याने त्या दिवसांची हकिकत एका पत्रात लिहून ठेवली आहे. श्वास लागत असतानाही बीड दोन कामे करीत होते: योहानाच्या शुभवर्तमानाचे आपल्या लोकांच्या भाषेत भाषांतर, आणि संत इसिदोरांच्या एका सृष्टिविषयक ग्रंथातील उताऱ्यांचे संकलन. हे दुसरे काम कशासाठी, याचे कारण त्यांनी स्वतःच सांगितले. आपल्या माघारी आपल्या मुलांनी खोटे वाचू नये आणि त्यात त्यांचे श्रम वाया जाऊ नयेत, ही त्यांची काळजी होती. मुले म्हणजे अर्थात मठातील विद्यार्थी. मरणाच्या दारात उभ्या असलेल्या शिक्षकाला पाठ्यपुस्तकातील चुका छळीत होत्या! मध्ययुगाला सरसकट अंधारयुग म्हणणाऱ्यांनी हे पत्र अवश्य वाचावे.

अखेरच्या दिवशी बीडांनी आपली लहानशी पेटी मागविली आणि तीतील चीजवस्तू मठातील धर्मगुरूंना वाटून दिल्या. त्या वस्तू तीनच प्रकारच्या होत्या: काही वस्त्रे, थोडा धूप आणि मिरी. ती मिरी समुद्र आणि वाळवंट ओलांडून जॅरोपर्यंत आली होती. जो माणूस इसिदोरांच्या चुका वेचीत होता त्याच्याच उशाशी, इसिदोर जिच्याविषयी चुकले ती वस्तू पेटीत पडून होती. पण दाणा आपले गाव सांगत नाही. ती चूक दुरुस्त करण्याचे कसलेही साधन बीडांपाशी नव्हते.

पुढील शतकांत मिरी मठाच्या पेटीतून बाजारात आली. ११०१ मध्ये धर्मयोद्ध्यांनी पॅलेस्टाइनमधील केसारिया शहर जिंकले, तेव्हा जिनोआच्या प्रत्येक शिपायाला लुटीचा वाटा म्हणून नाण्यांबरोबर दोन दोन पौंड मिरी मिळाली, असे जिनोआचा बखरकार काफारो लिहितो. लंडनमध्ये ११८० च्या सुमारास मिरीवाल्यांचा स्वतंत्र व्यापारी संघ होता. राजाची परवानगी न घेता तो स्थापिल्याबद्दल त्याला दंड झाला, म्हणून त्याची नोंद राहिली. व्हेनिसचे व्यापारी अलेक्झांड्रियाच्या बंदरात माल घेत आणि युरोपभर विकत. एवढी उलाढाल झाली, तरी अलेक्झांड्रियाच्या पलीकडे काय आहे हे विकत घेणाऱ्याला कळत नसे.

ते कळले एका डॉमिनिकन धर्मगुरूंना. फ्रान्सच्या दक्षिणेतील सेव्हेरॅक गावचे जॉर्डन कातालानी १३२१ मध्ये चार फ्रान्सिस्कन बंधूंसह इराणच्या वाटेने हिंदुस्थानकडे निघाले. त्यांना जावयाचे होते कोल्लमला. वाऱ्याने त्यांना आणले ठाण्याला. ठाणे त्या वेळी दिल्लीच्या सुलतानाच्या अमलात होते. जॉर्डन आसपासच्या ख्रिस्ती लोकांना भेटण्यासाठी बाहेर गेले असताना ठाण्यात धर्मविषयक वाद उपस्थित झाला, आणि एप्रिल १३२१ मध्ये तेथील अधिकाऱ्यांच्या आज्ञेने चौघा बंधूंचा वध झाला. टोलेंटीनोचे थॉमस, पाडुआचे जेम्स, सिएनाचे पीटर आणि टिफ्लिसचे दिमित्री ही त्यांची नावे. जॉर्डन यांनी त्यांची शरीरे सोपाऱ्यास नेऊन पुरली आणि पुढे एकट्याने या किनाऱ्यावर काम केले. त्यांची दोन पत्रे उपलब्ध आहेत. एकाकीपणाची व्यथा त्यांत लपलेली नाही. १३२९ मध्ये पोप बावीसावे जॉन यांनी आव्हिन्यों येथून त्यांची कोल्लमचे बिशप म्हणून नेमणूक केली. क्रमिक पुस्तकातील आव्हिन्यों आणि आपले सोपारे यांच्यामध्ये असा एक थकलेला प्रवासी उभा आहे.

याच सुमारास जॉर्डन यांनी पूर्वेकडील नवलांविषयी एक छोटे पुस्तक लॅटिनमध्ये लिहिले. मिरीचे झाड आयव्हीच्या वेलासारखे इतर झाडांवर चढते, त्याला रानद्राक्षांसारखे घोस लागतात, ते आधी हिरवे असतात व नंतर काळे आणि सुरकुतलेले होतात, असे ते सांगतात. आणि मिरीखाली आग लावतात, तिला भाजतात, हे काही लोकांचे म्हणणे निव्वळ खोटे आहे, असे ठणकावतात. जवळजवळ सातशे वर्षे घोकल्या गेलेल्या वचनाला छेद देणारे हे वाक्य केवळ डोळ्यांच्या साक्षीवर उभे होते. मात्र या लेखकाला सर्वशंकी समजण्याचे कारण नाही. पिंपळीही याच वेलाची, असे ते समजून चालले, ते चुकीचे आहे. आणि ज्या देशांत आपले पाऊल पडले नाही त्या देशांविषयी त्यांनी उडत्या सर्पांच्या कथा ऐकून खुशाल लिहून ठेवल्या आहेत. जेथे ते गेले तेथले साप नाहीसे झाले. जेथे गेले नाहीत तेथले राहिले.

हा गैरसमज केवळ युरोपचा होता असेही नाही. मोरोक्कोचा प्रवासी इब्न बतूता याच उत्तर कन्नड किनाऱ्यावरील होन्नावरास काही वर्षांनी येऊन गेला. मिरी विस्तवावर भाजल्याने सुरकुतते असे आपल्या देशी लोक समजतात, पण ते तसे नसून हे काम उन्हाचे आहे, असे त्यानेही आवर्जून लिहिले. दोन धर्मांचे, दोन भाषांचे, एकमेकांस न ओळखणारे हे दोन साक्षीदार अक्षरशः एकच जबानी देतात.

जबानी ऐकली कोणी? जॉर्डन यांच्या पुस्तकाचे एकच जुने हस्तलिखित ज्ञात आहे; ते प्रथम छापले गेले १८३९ मध्ये. उलट, चौघा बंधूंच्या अस्थी सोपाऱ्याहून चीनला नेणारे फ्रान्सिस्कन ओदोरिक यांच्या प्रवासवृत्ताच्या काही प्रतींत मिरी तोडण्याआधी साप घालविण्यासाठी आग पेटवितात असे आलेच आहे. जॉन मँडेव्हिल या नावाने चौदाव्या शतकात एक प्रवासग्रंथ निघाला. त्याच्या कर्त्याने हिंदुस्थान पाहिले नसावे असेच विद्वान मानतात. तरी त्याच्या अडीचशेहून अधिक प्रती उरल्या आहेत. गंमत अशी की या घरबशा प्रवाशाने आग नाकारली. वन जाळले तर मिरीची झाडेही जळतील, हा त्याचा बिनतोड युक्तिवाद. पण साप त्याने सोडले नाहीत. लोक हातापायांना एक उग्र रस फासून आत शिरतात, असे सांगून त्याने गोष्ट चालू ठेवली.

जोयड्याच्या अरण्यात आग कधी लागलीच नाही, असे मात्र म्हणता येणार नाही. येथील कुणबी कुमरीची शेती करीत. रानाचा तुकडा तोडून जाळावयाचा आणि राखेत नाचणी पेरावयाची, ही ती पद्धत. एकोणिसाव्या शतकात इंग्रजी जंगलखात्याने तिच्यावर कडक निर्बंध घातले. परंतु कुमरीची आग नाचणीसाठी होती. मिरवेल लावल्यावर पहिल्या पिकासाठी तीन-चार वर्षे थांबावे लागते आणि मग तो वर्षानुवर्षे फळतो. असा वेल एका हंगामासाठी जाळणारा शेतकरी कोणत्याही देशात सापडणार नाही. सापांचे म्हणाल, तर ते या बागांत आहेत. शिडी लावण्यापूर्वी माणूस पाचोळ्याकडे नजर टाकतो आणि कामाला लागतो.

युरोपच्या ग्रंथालयांतून हे साप हलविण्याचे काम अखेर घाटाच्या पलीकडे, गोव्यात सुरू झाले. गार्सिया द ओर्ता हा पोर्तुगीज वैद्य ऐन तारुण्यात नव्हे, तर पस्तिशीच्या आसपास, १५३४ मध्ये हिंदुस्थानात आला आणि येथेच राहिला. येथील औषधी वनस्पतींवर त्याने संवादरूपाने लिहिलेला ग्रंथ १५६३ मध्ये गोव्यातच छापला गेला. त्यात एक पात्र जुन्या ग्रंथकारांचे हवाले देते आणि दुसरे, म्हणजे स्वतः ओर्ता, पाहिलेले सांगते. मिरीच्या प्रकरणात त्याने प्राचीनांच्या वर्णनांतील चुका दाखविल्या आणि पिंपळी ही निराळीच वनस्पती आहे, हेही स्पष्ट केले. लॅटिनमधील ‘पिपेर’ हा शब्द मात्र मूळचा आपल्या पिप्पलीचा. नाव पिंपळीचे आणि माल मिरीचा, अशी ही अदलाबदल युरोपच्या भाषांत कायमची राहून गेली. चारच वर्षांनी, १५६७ मध्ये, क्लूसियस या वनस्पतिशास्त्रज्ञाने ओर्ताच्या ग्रंथाचा लॅटिन संक्षेप अँटवर्प येथे प्रसिद्ध केला, आणि गोव्यात छापलेली ही माहिती इसिदोरांच्या भाषेत युरोपातील विद्वानांच्या हाती पडली.